काळ्या पट्टीचे प्रामाण्य

आयुर्वेदीय औषधांच्या माहितीपत्रकांचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बरेच पालटले आहे. पूर्वी मुखपृष्ठावर भगवान धन्वंतरींचे चित्र, आत घटकद्रव्यांची यादी, ग्रंथोक्त फलश्रुती आणि शेवटी मात्रा व अनुपान असा मजकूर असे. आता मेदोरोगावरील बहुतेक नव्या कल्पांच्या पत्रकात एक छायाचित्र हटकून आढळते. करड्या पार्श्वभूमीवर आडव्या काळ्या पट्ट्या. डावीकडची पट्टी गडद, उजवीकडची फिकट. खाली लिहिलेले असते की, अमुक कल्पाच्या सेवनाने मेदाम्ल तयार करणारे विकर, म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेज, लक्षणीय प्रमाणात घटले. औषध सांगणारा प्रतिनिधी त्या पट्टीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "सर, आता आपले औषध मॉडर्न कसोटीवरही सिद्ध झाले." आपण मान डोलावतो.

आम्हीही डोलावली होती, हे प्रारंभीच कबूल करणे आम्हांस योग्य वाटते. बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर असलेल्या नेकनूर येथे आम्ही चिकित्साव्यवसाय करतो. काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीच्या एका भगिनीला आम्ही असाच एक कल्प तीन महिने दिला. वजन ८१ किलो, सोनोग्राफीत यकृतात मेदसंचय, दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा आणि दुपारची झोप, असा सारा इतिहास समोर होता. एका महिन्याच्या औषधाचा खर्च तिच्या घरच्या आठवडी बाजाराच्या खर्चाहून अधिक होता. तीन महिन्यांनी वजनाचा काटा जिथल्या तिथे होता आणि सोनोग्राफीचा अहवालही पूर्वीसारखाच आला. पैसे गेले याचे दुःख झालेच. परंतु त्याहून मोठी चूक आमच्या पदरी होती. प्रयोगशाळेने सिद्ध केलेले औषध हाती आहे या भरवशावर आम्ही चहा, साखर आणि दिवास्वाप यांविषयी तिच्याशी नेटाने बोललोच नव्हतो. निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला पाठ आम्ही एका छायाचित्राच्या हवाली केला होता.

त्याच सुमारास आमच्या शेजारच्या औषध दुकानदारांनी ते पत्रक पुढे करून विचारले, "डॉक्टरसाहेब, ही पट्टी फिकी झाली म्हणजे नेमके काय झाले हो?" आम्हांस उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे हाती लागले, ते आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

पट्टी कशी उमटते?

आहारातील पिष्टमय व गोड पदार्थ गरजेपेक्षा अधिक झाले की, यकृत त्यांचे रूपांतर मेदात करते. पेशीतील सायट्रेटपासून एटीपी-सायट्रेट लायेज हे विकर ॲसिटिल कोएन्झाइम-ए निर्माण करते. त्याचे मॅलोनिल कोएन्झाइम-ए करण्याचे काम ॲसिटिल-कोए कार्बोक्झिलेज या विकराचे. त्यानंतर फॅटी ॲसिड सिंथेज हे अवाढव्य विकर दोन-दोन कार्बनची भर घालीत १६ कार्बनचे पामिटिक आम्ल तयार करते. मानवी शरीरातील या विकराच्या एका साखळीत २५११ ॲमिनो आम्ले असतात आणि तिचा रेणुभार सुमारे २७३ किलोडाल्टन भरतो. अशा दोन साखळ्या जोडीने काम करतात.

हे विकर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ते ओळखण्यासाठी प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, वापरतात. सशाच्या वा उंदराच्या शरीरात त्या विकराचा अंश टोचला की, त्याची रोगप्रतिकारशक्ती त्याला चिकटणारी प्रतिपिंडे निर्माण करते. एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड मिळविण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली दाखविली व १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. प्रयोगात यकृताचा तुकडा वाटून त्यातील प्रथिने एका जेलमध्ये आकारानुसार वेगळी करतात, ती पातळ पटलावर उतरवितात आणि त्यावर हे प्रतिपिंड सोडतात. ते जेथे चिकटते, तेथे दुसऱ्या एका खूणयुक्त प्रतिपिंडाच्या साहाय्याने पट्टी उमटते. यासच वेस्टर्न ब्लॉट म्हणतात. शंभर मायक्रोलिटरच्या, म्हणजे जेमतेम दोन थेंबांच्या, प्रतिपिंडाच्या कुपीला हजारो रुपये पडतात. तंत्र उत्तम आहे, त्याने जीवशास्त्राचे मोठे कल्याण केले आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. संदेह आहे तो पट्टीपासून रुग्णापर्यंत एका उडीत पोहोचण्याविषयी.

संदिग्ध द्रव्य आणि संदिग्ध प्रतिपिंड

चरकाचार्यांनी परीक्षा चतुर्विध सांगितली: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. छायाचित्रातील पट्टी डोळ्यांना दिसते म्हणून ती प्रत्यक्ष वाटते. वस्तुतः ती अनुमान आहे. काळेपणा हा धूर आणि विकर हा अग्नी. परंतु धुके पाहून त्यास धूर समजले, तर अग्नीचे अनुमान फसते, हे आपले नैयायिक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत.

असे धुके या शास्त्रात वारंवार पडते. स्वीडनमधील मानवी प्रथिनांचा नकाशा करणाऱ्या प्रकल्पाने बाजारातील पाच हजारांहून अधिक प्रतिपिंडे तपासून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील जवळजवळ निम्मीच त्यांच्या कसोटीस उतरली. फॅटी ॲसिड सिंथेजच्या इतिहासातच याचे एक बोलके उदाहरण आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांनी १९८९ साली असे मांडले की, हॅप्टोग्लोबिनशी संबंधित एका प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड ज्या स्तनार्बुदांत चिकटते, ती अर्बुदे लवकर उलटतात. पुढे त्याच गटाने शोध घेतला तेव्हा १९९४ साली उघड झाले की, अर्बुदात ते प्रतिपिंड ज्याला चिकटत होते ते प्रथिन म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेज होते. येथे चूक शोधणारे तेच संशोधक होते आणि त्या चुकीतून नवे ज्ञान निघाले, ही त्यांची थोरवी. प्रत्येक माहितीपत्रकामागे असा शोध घेतला जात असेल, असे मानण्यास मात्र आधार नाही.

आपणांस यात नवल वाटू नये. रास्ना म्हणून उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, तर दक्षिणेत अल्पिनिया गलंगा घेतात. शंखपुष्पी या नावाखाली निदान तीन वनस्पती विकल्या जातात. नावाची चिठ्ठी लावली म्हणून पोत्यातील द्रव्य तेच असते असे नाही, हे आपल्या औषधी दुकानदारांना कोणी शिकवावयास नको. प्रतिपिंडाच्या कुपीवरील चिठ्ठीलाही हाच न्याय लागू आहे. त्याच्या परीक्षेचे मार्गही ठरले आहेत. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१६ साली पाच कसोट्या सुचविल्या. त्यांतील पहिली समजण्यास सर्वांत सोपी: ज्या पेशींतून त्या विकराचे जनुकच काढून टाकले आहे, तेथे पट्टी नाहीशी झाली पाहिजे. तेथेही पट्टी दिसत राहिली, तर ती भलत्याच प्रथिनाची आहे.

या विशिष्ट विकराच्या बाबतीत आणखी दोन अडचणी आहेत. ॲसिटिल-कोए कार्बोक्झिलेजचा रेणुभार सुमारे २६५ किलोडाल्टन, म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेजच्या अगदी शेजारचा आणि त्यात बायोटिन स्वभावतःच असते. पट्टी उमटविण्यासाठी बायोटिनवर आधारलेली पद्धत वापरली, तर प्रतिपिंड नसतानाही त्या जागी रेघ उमटू शकते. दुसरे असे की, एवढे मोठे प्रथिन जेलमधून पटलावर सावकाश उतरते. ते पुरते उतरले नाही, तर पट्टी फिकट दिसते आणि औषधाला फुकटचे श्रेय मिळते.

द्रव्य एक, कर्म दुसरे

समजा, प्रतिपिंड अस्सल आहे आणि प्रयोगही चोख झाला. तरीही ते विकराचे प्रमाण सांगते. विकराचे कर्म सांगत नाही. द्रव्य असणे आणि त्याने कर्म करणे यांतील भेद आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. ॲसिटिल-कोए कार्बोक्झिलेजवर फॉस्फेटचा एक गट चढला की ते निष्क्रिय होते. त्याचे प्रमाण तेवढेच राहते. दारुहरिद्रेतील बर्बेरिन याच मार्गाने काम करते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. सुश्रुताचार्यांनी स्थौल्यावर सांगितलेल्या द्रव्यांत दारुहरिद्रेपासून होणारे रसांजन आहे, हे लक्षात घेता हा धागा आपल्यासाठी मोलाचा आहे. परंतु जो केवळ विकराचे एकूण प्रमाण मोजील, त्याला तो सापडणारच नाही.

आपल्या कोकमाचे उदाहरण तर अधिकच जवळचे. सामान्यतः कोकम म्हणून घेतले जाणारे वृक्षाम्ल चरकाचार्यांच्या हृद्य दशेमानीत आहे. त्याच कुळातील मलबारी चिंचेच्या आंबटपणाचे कारण सायट्रिक वा टार्टारिक आम्ल नसून हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस व नीलकांतन यांनी १९६५ साली दाखविले. कोकमाच्या सालीतही ते आम्ल असते. ते एटीपी-सायट्रेट लायेजला प्रबळपणे रोखते, हे अमेरिकेत लोवेनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने १९६९ साली सिद्ध केले. येथेही विकराचे कर्म थांबते. विकर जागेवरच असते. एवढ्या स्पष्ट पुराव्यावर जगभर मेदनाशक गोळ्यांचा व्यापार उभा राहिला. नंतर १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १३५ स्थूल व्यक्तींवरील परीक्षण प्रसिद्ध झाले. सर्वांना मित आहार देण्यात आला. निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आणि उरलेल्यांना निर्गुण गोळी. बारा आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो, तर निर्गुण गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो घटले होते. तो फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. वजन घटले ते आहाराने, इतकेच त्यातून निघाले.

लंघनाचे श्रेय औषधाला

आम्हांस सर्वाधिक अस्वस्थ करणारा मुद्दा पुढेच आहे. उपवासाने यकृतातील फॅटी ॲसिड सिंथेज झपाट्याने घटते आणि पुन्हा गोड व पिष्टमय आहार दिला की, ते कितीतरी पटींनी वाढते. इन्शुलिन त्याच्या निर्मितीला उत्तेजन देते. ही गोष्ट जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे. आता विचार करा. उंदराच्या खाद्यात कटू-तिक्त औषध मिसळले आणि चव न आवडल्याने तो कमी खाऊ लागला, तर औषधात काही अर्थ नसला तरी पट्टी फिकट होईल. ते लंघनाचे फळ असेल. म्हणून दुसऱ्या गटाला मोजून तेवढेच खाद्य देऊन तुलना करावी लागते. माहितीपत्रकात प्राण्यांनी किती खाल्ले याचा उल्लेख आम्हांस क्वचितच आढळला.

विकर खरोखर घटले, तरी रुग्णाचे भले होईलच असेही नाही. ॲसिटिल-कोए कार्बोक्झिलेजला रोखणाऱ्या एका आधुनिक औषधाने माणसांत यकृतातील मेद कमी केला. पण रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढविले, असा अनुभव २०१७ साली प्रसिद्ध झाला. उलट फॅटी ॲसिड सिंथेजला रोखणाऱ्या डेनिफॅनस्टॅट या औषधाने यकृतशोथाच्या रुग्णांत दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षणात उपयुक्त परिणाम दाखविले. ते २०२४ साली प्रसिद्ध झाले. पैकी कोणते औषध पुढे टिकेल हे माणसांवरील परीक्षणांनीच ठरेल. पट्टीने ते आधी सांगितले नव्हते.

प्रतिपक्षाचे म्हणणे

आमचे काही वैद्यबंधू विचारतील, "अहो, प्रयोगशाळेने आयुर्वेदाला मान दिला की तुम्हीच त्यात दोष काढणार? आपले शास्त्र सहस्रावधी वर्षांच्या अनुभवाने सिद्ध आहे." या म्हणण्यातील स्वाभिमान आम्हांस मान्य आहे. परंतु शास्त्र अनुभवसिद्ध असेल, तर त्याला संदिग्ध पट्टीची कुबडी कशाला? आणि पट्टीचा आधार घ्यावयाचाच असेल, तर तिची परीक्षा चुकविता येणार नाही.

आपल्याकडे या कामाचा चांगला वस्तुपाठ आहे. सुश्रुताचार्यांच्या मेदोरोगविवेचनावरून दिशा घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९६६ साली गुग्गुळावरील प्रबंध पूर्ण केला. तेथून ते संशोधन प्राण्यांवरून माणसांपर्यंत गेले. भारतातील परीक्षणांत अनुकूल निष्कर्ष मिळाले. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढलेले दिसले. हा वाद अप्रिय असला तरी प्रामाणिक आहे, कारण तो रुग्णांच्या मोजमापावर चालला आहे. आयुर्वेदाची प्रतिष्ठा अशाने कमी होत नाही, असे आमचे मत आहे.

जबाबदारी कोणाची?

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत स्थूलत्वाचा समावेश आहे. त्यावरील औषधाची सामान्य जनतेत जाहिरात करण्यास मनाई आहे. नोंदणीकृत चिकित्सकाला गोपनीयरीत्या पाठविलेल्या माहितीस मात्र त्यातून सूट आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. हे पत्रक पारखण्याची कुवत चिकित्सकाकडे आहे, असे कायद्याने गृहीत धरले. आपण न पारखताच रुग्णापुढे ते छायाचित्र धरू लागलो, तर त्या विश्वासाला तडा जातो. दुकानाच्या काउंटरवर ते पत्रक ठेवणाऱ्या बंधूंनीही याचा विचार करावा.

म्हणून आमची सूचना अशी की, अशा कल्पाची खरेदी वा शिफारस करण्यापूर्वी प्रतिनिधीकडे पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत. पहिला, कोणते प्रतिपिंड वापरले, त्याचा क्रमांक काय आणि त्याची विशिष्टता कोणत्या कसोटीवर तपासली? दुसरा, कातरलेल्या तुकड्याऐवजी संपूर्ण पटलाचे, रेणुभाराच्या खुणांसह छायाचित्र आहे काय आणि प्राणी किती होते? तिसरा, विकराचे केवळ प्रमाण मोजले की कर्मही? चौथा, प्राण्यांचा आहार मोजला होता काय? पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा, हाच कल्प याच मात्रेत माणसांना दिल्यावर वजन, कंबरेचा घेर व यकृताची स्थिती यांत काय फरक पडला आणि यकृताला अपाय होत नाही हे कसे पाहिले? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली वजन घटविणाऱ्या एका लोकप्रिय उत्पादनाविरुद्ध यकृतास इजा होत असल्याच्या तक्रारींवरून इशारा दिला होता, हे स्मरणात ठेवावे. जे निर्माते उत्तरे देतील, त्यांचा आपण आदर करू. आपल्याकडे मनापासून काम करणारे निर्माते आहेत आणि या प्रश्नांनी त्यांचाच लाभ होईल. संघटनेनेही हे पाच प्रश्न एका पानावर छापून सभासदांना पाठवावेत आणि या त्रैमासिकात जाहिरात स्वीकारताना तेच लावावेत, अशी आमची नम्र विनंती आहे.

त्या भगिनीविषयी दोन शब्द सांगून थांबतो. कल्प बंद केला. साखर तोडली, दिवसा झोपणे सोडविले, रात्रीचे जेवण लवकर व हलके केले, गावाबाहेरपर्यंत रोज चालण्यास सांगितले. सोबत आपली नेहमीची त्रिफळा. सहा महिन्यांत वजन ७६ किलोवर आले. एका रुग्णावरून सिद्धांत निघत नाही आणि तिच्या यकृतातील विकर किती घटले हे आम्ही मोजले नाही. औषध दुकानदारांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मात्र आता आम्ही देऊ शकतो. पट्टी फिकी झाली याचा अर्थ प्रयोगशाळेत एक पट्टी फिकी झाली, इतकाच. त्यापुढचे सारे अजून सिद्ध व्हावयाचे असते आणि ते सिद्ध होईपर्यंत रुग्णाचे पैसे जपून ठेवणे हा आपल्या धर्माचाच भाग आहे.